आधी नकाशा, मग रोप

वाचकांचे प्रश्न : मोकळ्या जागा, बगीचे आणि तळी

या वेळची बहुतेक पत्रं एकाच काळजीतून आलेली आहेत. घराजवळची मोकळी, हिरवी जागा हातची जाऊ नये म्हणून काय करायचं? जवळजवळ प्रत्येक पत्रात पहिला बेत झाडं लावण्याचा आहे. झाडं लावावीतच, पण जेसीबी दारात उभा राहतो तेव्हा रोप दाखवून तो मागे फिरत नाही, मंजूर नकाशा दाखवावा लागतो. म्हणून खालची बरीचशी उत्तरं कागदांपासून सुरू होतात.

आमची वसाहत गृहनिर्माण सहकारी संस्थेची, चाळीसेक वर्षांपूर्वीची. मधल्या मोकळ्या जागेला सगळे ‘बगीचा’ म्हणतात. आता संस्थेचे पदाधिकारी म्हणतात, ती जागा संस्थेची आहे आणि तिचे प्लॉट पाडणार. चुन्याच्या रेघा मारून झाल्या आहेत. रहवासी संघाने कुठे तक्रार करावी?
— एक वाचक, इंदूर (पश्चिम)

तक्रारीआधी आठ-दहा दिवस कागद गोळा करण्यात घाला. सगळे म्हणतात म्हणून जागा बगीचा ठरत नाही. नगर तथा ग्राम निवेश कार्यालयाने, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘टीएनसीपी’ने मंजूर केलेल्या अभिन्यासात, म्हणजे वसाहतीच्या आखणीच्या नकाशात, ती खुली जागा म्हणून दाखवली असेल, तर ती बगीचा आहे. अभिन्यास मागताना एक चूक नेहमी होते. लोक ‘वसाहतीचा नकाशा द्या’ असं लिहितात आणि हाती शेवटचा सुधारित नकाशा पडतो. जुन्या संस्थांचे नकाशे दोन-दोन, तीन-तीनदा सुधारलेले असतात आणि नेमक्या त्या सुधारणांत बगीचा आकसतो. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना असं लिहा (खसरा म्हणजे जमिनीची महसुली नोंद) : ‘अमुक गाव, अमुक खसरा क्रमांक यांवर आजपर्यंत मंजूर झालेले सर्व मूळ व सुधारित अभिन्यास, प्रत्येकाच्या क्षेत्रफळ-तक्त्यासह आणि मंजुरीपत्रातील अटींसह, प्रमाणित प्रतींत द्यावेत.’ फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘का दिलं नाही’, ‘कोण जबाबदार’ असे प्रश्न अर्जात घालू नका. हा कायदा दस्तऐवज मिळवून देतो, खुलासे नाही, आणि अशा प्रश्नांच्या आडोशाने अख्खा अर्ज फेटाळता येतो.

दुसरा कागद खसरा आणि पटवारी नकाशा. इथे बहुधा धक्का बसेल. अख्खी वसाहत अजून एक-दोन खसरा क्रमांकांत, संस्थेच्या नावावर दिसेल, बगीच्याचा उल्लेखही नसेल. जागा विकता येते ती याच फटीतून. नोंदणी कार्यालय खसरा आणि विकणाऱ्याचं नाव पाहतं, अभिन्यास पाहत नाही. म्हणून तहसीलदारांकडे वेगळा अर्ज करा, की खसऱ्याच्या कैफियत (शेरा) रकान्यात मंजूर अभिन्यासातील खुल्या जागेची नोंद घ्यावी.

तिसरा कागद कुणाला सुचत नाही, पण कोर्टात तो फार बोलतो. बगीच्याला लागून असलेल्या प्लॉटांच्या जुन्या रजिस्ट्र्या, म्हणजे नोंदणीकृत खरेदीखतं. त्यांतली चतुःसीमा वाचा. ‘पूर्वेस बगीचा’ असं संस्थेनेच स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं असेल, तर तीच संस्था आज ‘तिथे बगीचा नव्हताच’ म्हणू शकत नाही. अशा चार रजिस्ट्र्या मिळाल्या तरी पुष्कळ.

मग टेप घेऊन मोजणी. चारही बाजू मोजल्या म्हणजे क्षेत्रफळ निघालं असं नव्हे, एक कर्ण मोजावाच लागतो. समजा समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत, एक जोडी ६० मीटरची आणि दुसरी ४५ मीटरची. कोपरे काटकोनी असतील तर कर्ण ७५ भरेल आणि क्षेत्रफळ २,७०० चौरस मीटर. कर्ण ६६ भरला तर दोन त्रिकोण मिळून जेमतेम २,६२४ होतात. फरक सुमारे ७५ चौरस मीटरचा, म्हणजे ८०० चौरस फुटांचा एक अख्खा छोटा प्लॉट. तक्त्यातला आकडा हेक्टरमध्ये असेल तर ०.४०५ हेक्टर म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. जोडीला गूगल अर्थवरची जुन्या वर्षांची चित्रं तारखेसह छापून ठेवा.

आता तक्रार. ‘अतिक्रमण’ असं लिहून तहसीलदारांकडे जाऊ नका. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ चं कलम २४८ शासकीय जमिनीवरच्या कब्जासाठी आहे. तुमची जागा कागदावर संस्थेची, म्हणून अर्ज ‘खासगी वाद’ असा शेरा मारून परत येईल आणि तो शेरा पुढे समोरचा पक्ष वापरेल. तुमची तक्रार ‘मंजूर अभिन्यासाचं उल्लंघन’ ही आहे. ती एकाच दिवशी तिघांकडे द्या : टीएनसीपीचे संयुक्त संचालक, नगर निगमाचे, म्हणजे महानगरपालिकेचे आयुक्त (कॉलनी सेल) आणि सहकारिता उपायुक्त. चौथी प्रत माहितीसाठी उपपंजीयकांना, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांना. त्यामुळे रजिस्ट्री थांबेलच असं नाही, पण उद्याच्या खरेदीदाराला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं अवघड जाईल. मंगळवारची जनसुनवाई (अधिकाऱ्यांसमोरची तक्रार-सुनावणी) आणि मुख्यमंत्र्यांची १८१ हेल्पलाइन यांचा उपयोग आवक क्रमांक मिळवण्यापुरता माना. हेल्पलाइनवरून ‘समाधान झालं का’ म्हणून फोन आला, तर काम झाल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. ‘हो’ म्हटलं की तक्रार बंद.

प्लॉटचे करार सुरू झाले असतील तर या सगळ्यासाठी थांबू नका, वकिलाकडे जा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली दोन किंवा अधिक नागरिक, स्वतःचं वेगळं नुकसान दाखवल्याशिवायही, न्यायालयाच्या परवानगीने सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दावा लावू शकतात. शासनाला प्रतिवादी करायचं तर कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते, तातडी असेल तर परवानगी मागून ती टाळता येते. उच्च न्यायालयाचं खंडपीठ इंदुरातच आहे. तिथे रिट लावताना दोन निवाडे वकिलांच्या हाती असू द्या. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा (१९९१) या खटल्यात बगीच्याची जागा खासगी रुग्णालयाला देणं सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं. एम. आय. बिल्डर्स (१९९९) या खटल्यात लखनौच्या झंडेवाला पार्कखालचं बाजारसंकुल पाडून पार्क पूर्ववत करायला लावलं.

राऊजवळ आमची दोन एकर आमराई आहे. मुलं बाहेरगावी. आमच्या दोघांनंतर तिथे टाउनशिप होऊ नये अशी इच्छा. नातू अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडे जमीन स्वतःकडे ठेवून फक्त बांधकामाचा हक्क एखाद्या भूसंरक्षण संस्थेला कायमचा देऊन टाकतात. आपल्याकडे तसं करता येईल का?
— एक आजी, लोकमान्यनगर, इंदूर

आजी, नातू सांगतो ती सोय चांगली आहे, पण आपल्या कायद्यात ती जशीच्या तशी बसत नाही. आपला सुविधाधिकार कायदा १८८२ चा. त्यात एका जमिनीवरचा असा हक्क दुसऱ्या जमिनीच्या फायद्यासाठीच असू शकतो. ज्या संस्थेची शेजारी जमीनच नाही, तिला तुमच्या आमराईवर ‘बांधकाम न होऊ देण्याचा’ हक्क देता येत नाही.

मग लोक बक्षीसपत्रात अट घालतात : ‘ही जमीन कधीही विकू नये, फक्त बाग म्हणून ठेवावी.’ ही अट सगळ्यात दगाबाज. संपत्ती हस्तांतरण कायदा १८८२, कलम १० प्रमाणे ‘कधीही विकू नये’ ही अट शून्य ठरते. कलम ११ प्रमाणे पूर्ण मालकी देऊन वर ‘अशीच वापरा’ म्हटलं, तर घेणारा ती सूचना नसल्यासारखी वागू शकतो. कागदावर सगळं सुंदर दिसतं आणि वीस वर्षांनी काही उरत नाही.

पण त्याच कलम ११ मध्ये एक खिडकी आहे. तुम्ही जमिनीचा एक तुकडा स्वतःकडे ठेवलात, समजा घर आणि विहीर असलेली दहा गुंठे, आणि ‘या तुकड्याच्या उपभोगासाठी उरलेली जमीन बिनबांधकामाची राहील’ असं लिहिलंत, तर ती अट टिकू शकते. कलम ४० मुळे अशी ‘करू नये’ स्वरूपाची अट पुढच्या खरेदीदारालाही लागू होते, त्याला तिची माहिती असली की झालं. नोंदणीकृत दस्तात असेल तर माहिती होती असंच धरलं जातं. (या तत्त्वाचा उगम १८४८ च्या एका इंग्रजी खटल्यात आहे आणि तो लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या बागेवरूनच झाला होता.) ‘करू नये’ हा शब्द महत्त्वाचा. ‘झाडांना पाणी घालावं’ अशी ‘करावं’ची अट पुढच्या मालकावर चालत नाही.

आमच्या मते तुमच्यासाठी सगळ्यात भक्कम वाट सार्वजनिक न्यासाची. इथे दोन कायद्यांची गल्लत होते. १८८२ चा भारतीय न्यास कायदा खासगी न्यासांचा आहे. तुम्हाला हवा तो मध्यप्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम १९५१. न्यास झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत नोंदणीचा अर्ज करायचा असतो, निबंधक म्हणजे जिल्हाधिकारी. खरा फायदा कलम १४ चा : न्यासाची स्थावर मालमत्ता विकणं, गहाण ठेवणं, अदलाबदल करणं किंवा बक्षीस देणं निबंधकांच्या पूर्वमंजुरीशिवाय होत नाही. शेतजमीन सात वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देतानाही हीच मंजुरी लागते. कुलूप लागलं, पण किल्ली सरकारी कचेरीत आहे हेही ध्यानात ठेवा. ‘सार्वजनिक हितासाठी’ केलेल्या हस्तांतरणाला संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम १८ मुळे कायमस्वरूपी बंधनाविरुद्धचे नेहमीचे नियम आड येत नाहीत, म्हणून उद्देश स्पष्ट लिहा : आमराई, पक्षी, भूजल आणि लोकांसाठी खुली हवा. नुसतं ‘समाजकार्य’ लिहिलंत तर पुढचे विश्वस्त तिथे मंगल कार्यालय उभारतील आणि तेही समाजकार्यच ठरेल.

न्यासपत्रात विश्वस्त पाच किंवा सात ठेवा, कुटुंबातले दोनाहून जास्त नकोत. एखादी जागा रिकामी झाली तर ९० दिवसांत कोणी आणि कशी भरायची ते लिहा. बहुतेक न्यास पैशांअभावी मोडत नाहीत, दोन विश्वस्त वारले आणि तिसऱ्याला गणपूर्ती जमेना म्हणून मोडतात. न्यास संपलाच तर जमीन सारख्या उद्देशाच्या न्यासाकडे जाईल, वारसांकडे नाही, हेही हवं. सोसायटी म्हणून नोंदणी करण्याचा सल्ला कुणी दिला तर दोनदा विचार करा. तिथे बहुमताने उद्देश बदलतो, आणि चाळीस नवे सभासद करून घेणं फार कठीण नसतं.

पैशांचा हिशेब असा : माळी-चौकीदार, मोटरची वीज, कुंपणाची डागडुजी मिळून वर्षाला समजा १,२०,००० रुपये. ठेवीवर ६ टक्के धरले तर २० लाखांची ठेव लागते. महागाई धरून २५ ठेवा. तेवढे नसतील तर आंब्याचं उत्पन्न न्यासाच्याच खात्यात जाईल अशी तरतूद करा. आयकरातली देणगीची सवलत पैशांच्या देणगीला असते, जमिनीच्या नाही. त्या आशेने घाई नको.

दस्त करण्याआधी जमीन स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित, ते तपासा. वडिलोपार्जित असेल तर २००५ पासून मुलींचाही जन्मतः सारखा वाटा आहे, तुम्ही एकट्याने ती सगळी देऊ शकत नाही. सगळ्या मुलामुलींच्या ‘सहमतीकर्ते’ म्हणून दस्तावर सह्या घ्या. बक्षीसपत्र नोंदणीकृत हवं, दोन साक्षीदारांचं हवं आणि घेणाऱ्याने ते तुमच्या हयातीत स्वीकारायला हवं. निगमाला देणार असाल तर स्वीकाराचा लेखी ठराव हाती आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. आणि नोंदणी झाली की लगेच नामांतरण. खसऱ्यावर जुनंच नाव राहिलं तर वारसांपैकी एखाद्याला मोह होतो. झाडांची संख्या आणि विहीर कैफियत रकान्यात चढवून घ्या.

एक गोष्ट मात्र कुठल्याच दस्ताने थांबत नाही. शासनाने रस्त्यासाठी किंवा नगर विकास योजनेसाठी जमीन घेतली तर न्यासालाही ती द्यावी लागते. म्हणून राऊ भागाच्या योजनांच्या सूचनांवर नजर ठेवण्याचं काम एका विश्वस्ताला नेमून द्या.

आमच्याजवळच्या तळ्याच्या काठावर रात्री मलब्याचे डंपर रिकामे होतात. सिरपूर तलावाला संरक्षण आहे, मग आमच्या तळ्याला का नाही?
— विद्यार्थ्यांचा एक गट, इंदूर

सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही तळी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, त्यामुळे पाणथळ जागा (संरक्षण व व्यवस्थापन) नियम २०१७ त्यांना आपोआप लागू होतात. भराव, कचरा, सांडपाणी यांना मनाई. नियम लागू झाले त्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी महत्तम पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नाही. तुमचं तळं २.२५ हेक्टरांहून मोठं असेल तर इस्रोच्या पाणथळ नकाशासंग्रहात आहे का ते आधी बघा. त्या संग्रहातल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना याच तत्त्वांनी जपावं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. यादीत नसेल तर लढाई अवघड होते, संपत नाही. खसऱ्यात ‘तालाब’ ही नोंद असली तरी मजबूत आधार मिळतो. २००१ च्या हिंचलाल तिवारी निवाड्यात न्यायालयाने तळ्याच्या जागेवरचे भूखंडवाटप रद्द केलं होतं.

पुरावा कसा गोळा करायचा ते सांगतो. पूररेषा हा वादाचा मुद्दा असतो, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी सगळ्यात वर असताना काठावरच्या पक्क्या गोष्टींवर, म्हणजे पुलाचा खांब, भिंत, मोठा दगड यांवर रंगाची खूण करा आणि स्थाननोंद असलेला फोटो काढा. दरवर्षी, त्याच जागी. मलब्याचे फोटो एकाच ठिकाणी उभं राहून दर आठवड्याला काढा. एका दिवसाच्या पन्नास फोटोंपेक्षा बारा आठवड्यांचे बारा फोटो भराव पुढे सरकतोय हे दाखवतात. रात्री डंपर अडवायला जाऊ नका.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं मध्य विभागाचं पीठ भोपाळला आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १,००० रुपये. पण कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने ही मुदत, फार तर साठ दिवस वाढतात. अर्जात ‘गेली पाच वर्षं भराव चालू आहे’ असं जोरात लिहिलं की तुम्हीच तुमचा अर्ज मुदतबाह्य करून टाकता. नेमका कोणता भराव, कोणत्या तारखेचा, ते लिहा. शिवाय हे न्यायाधिकरण पाणी, हवा, पर्यावरण, वन, जैवविविधता अशा ठरावीक कायद्यांपुरतं आहे. नगर निवेश कायदा त्या यादीत नाही. निव्वळ बगीच्याच्या अभिन्यासाचा वाद तिथे नेला तर परत येतो.

आणि काठावर झाडं लावू नका! उथळ, मोकळा, चिखलाचा काठ हीच पाणपक्ष्यांची चरण्याची जागा. सिरपूरसाठी पद्मश्री भालू मोंढे आणि ‘द नेचर व्हॉलंटियर्स’ यांनी वर्षानुवर्षं काम केलं, त्यात पक्ष्यांच्या नोंदींना मोठं स्थान होतं. तुम्हीही महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या चार जागांवरून मोजणी सुरू करा.

बगीच्याची जागा निगमाच्या नावावर आहे, लागवडीला परवानगीही आहे. साधारण ४० बाय २५ मीटर. किती झाडं, कोणती? मियावाकी करावं का?
— महिला मंडळ, सुदामानगर, इंदूर

तुमचा कागद पक्का आहे, तेव्हा सरळ मातीकडे जाऊ. १,००० चौरस मीटरांपैकी ३०० मुलांना खेळायला मोकळे सोडा. मोकळी जागा दिसली नाही की मुलं रस्त्यावर जातात आणि बगीच्याची बाजू घेणारं कुणी उरत नाही. उरलेल्या ७०० मध्ये मोठी झाडं सहा-सहा मीटरवर, म्हणजे १९-२०. दोनशे रोपांची मागणी करू नका. कडुनिंब, करंज, जांभूळ, अर्जुन, चिंच, बेल यांतून निवडा. अर्जुन आणि जांभूळ पाणी साचतं त्या बाजूला, चिंच कोपऱ्यात. सप्तपर्णी आणि कोनोकार्पस नको. कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली.

माळव्याची काळी माती फसवी. पावसाळ्यात ओल्या मातीत खड्डा खणला की फावड्याने कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, खड्डा मडक्यासारखा पाणी धरतो आणि मुळं कुजतात. लोक म्हणतात, ‘पाणी तर रोज घालत होतो!’ म्हणून खड्डे एप्रिल-मेमध्ये, २ फूट लांब, रुंद आणि खोल. उन्हात तापू द्या, कडा कुदळीने ओरबाडून ठेवा. भरताना एक भाग कुजलेलं शेणखत (दर खड्ड्याला पाच-सहा घमेली), एक भाग मुरूम, एक भाग तीच माती. नुसता मुरूम भरू नका, त्यातून आजूबाजूचं सगळं पाणी खड्ड्यात उतरतं. जमीन फूटभर भिजली की रोप लावा, साधारण जुलैचा पहिला पंधरवडा. रोप चार-पाच फुटांचं घ्या, फार उंच नको.

पाण्याचा हिशेब आधीच मांडा : ऑक्टोबर ते जून सुमारे ३६ आठवडे, आठवड्यातून दोनदा, दर झाडाला १५ लिटर. वीस झाडांना आठवड्याला ६०० लिटर, वर्षाला २१,६०० लिटर, म्हणजे पाच हजारांचे चार-पाच टँकर. हे दोन वर्षं जमणार असेल तरच वीस, नाहीतर दहाच लावा. खोडाभोवती तीन इंच पालापाचोळा, पण खोडाला चिकटवून नाही. तिसऱ्या वर्षी लोखंडी जाळ्या काढा, नाहीतर त्या खोडात रुततात. पेव्हर ब्लॉकवाल्याला खोडापासून किमान एक मीटर लांब ठेवा.

मियावाकी म्हणजे चौरस मीटरला तीन-चार रोपं. शंभर चौरस मीटरांच्या पट्ट्यालाच तीन-चारशे. रस्त्याच्या धुळीला आडोसा म्हणून तो पट्टा चांगला. अख्खा बगीचा तसा केला तर आत पाय ठेवायला जागा उरत नाही.

बगीच्याच्या कोपऱ्यातल्या जुन्या बावडीवर (पायऱ्यांच्या विहिरीवर) स्लॅब टाकून छोटं देऊळ बांधायचं काही जणांच्या मनात आहे. विरोध केला तर वाईट दिसतं.
— नाव छापू नये

बांधू देऊ नका. सार्वजनिक बगीचे, रस्ते, जागा यांवर नवीन धार्मिक बांधकाम होऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे, आणि तो सगळ्याच धर्मांना लागू आहे. त्यामुळे वाईटपणा तुम्हाला घ्यायची गरज नाही, आदेशाची प्रत सभेत वाचून दाखवा. बावडीचं म्हणाल तर पटेलनगरमध्ये ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, झाकलेल्या बावडीवरचा स्लॅब कोसळून ३६ जण गेले. इंदुरात हे वेगळं समजावून सांगायला नको. बावडी उघडी ठेवा, गाळ काढा, भोवती चार फुटांचा कठडा आणि वर लोखंडी जाळी. तेच पाणी झाडांना होईल.

आमचं गाव सांवेरकडे. चरनोईच्या, म्हणजे गुरं चारायच्या जमिनीवर गोदाम येणार असं ऐकतो. ग्रामसभेने नुसता ठराव करून भागेल का?

ठराव करा, पण त्यात आकडा घाला. भू-राजस्व संहितेच्या कलम २३७ खाली गावच्या एकूण शेतजमिनीच्या किमान २ टक्के चरनोई राखावी लागते. पटवाऱ्याकडून निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वहिवाटींची नोंद) यांच्या प्रती घ्या. शेतजमीन ६०० हेक्टर असेल तर १२ हेक्टर चरनोई हवी. चालू खसऱ्यात ९ च निघाली तर जिल्हाधिकाऱ्यांना तीतून आणखी काढता येत नाही. ठरावात ‘ग्रामसभा विरोध करते’ एवढंच लिहिण्यापेक्षा हा हिशेब, खसरा क्रमांकांसकट, लिहा. कब्जा आधीच झाला असेल तर इथे मात्र कलम २४८ चालतं, कारण जमीन शासकीय आहे. सोबत जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य (२८ जानेवारी २०११) हा निवाडा जोडा. त्यात सर्व राज्यांना गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याची योजना आखायला सांगितलं होतं. सीमांकनाचा अर्ज (कलम १२९) लोकसेवा केंद्रातून करा आणि मोजणीच्या दिवशी चांद्याचा दगड, म्हणजे मोजणीची कायम खूण, जागेवर आहे का ते बघा. तो हललेला असेल तर पंचनाम्यात तसं लिहून घ्या, मगच सही करा.

वर्तमानपत्रात नगर तथा ग्राम निवेश कायद्याच्या ‘कलम २३-क’खाली हरित क्षेत्राचा उपयोग बदलण्याची सूचना आली आहे. आम्ही २०० सह्यांचं निवेदन देतोय. बरोबर?

दोनशे सह्यांचा एक अर्ज नोंदवहीत एकच हरकत म्हणून चढतो. प्रत्येकाचा वेगळा अर्ज द्या. मजकूर सारखा असला तरी एखादं वाक्य स्वतःचं असू द्या. मुदत १५ दिवसांची असते आणि सूचना लागोपाठ दोन दिवस छापतात, तेव्हा सूचनेतली तारीख वाचून दिवस मोजा. (नवीन विकास योजनेचा मसुदा निघतो तेव्हा याच कायद्याच्या कलम १८ खाली ३० दिवस मिळतात.) अर्जात खसरा क्रमांक, लागू असलेल्या विकास योजनेत त्या जागेचा दाखवलेला उपयोग आणि बदल झाल्यास नेमकं काय जाईल, नाला, जुनी झाडं की खेळाचं मैदान, एवढं लिहा. शेवटी ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी’ हे वाक्य. पोच शिक्क्यासकट, आणि ती पोच घरातल्या जन्मदाखल्यांच्या फायलीत.